चार बाटल्या, सहा माणसं: घरच्या घरी रेड वाइन झाकून कशी चाखायची

रेड वाइनची एकच बाटली उघडली की बहुतेकांचं मत ‘छान आहे’ किंवा ‘जरा कडवट लागते’ इथेच थांबतं. त्यात चाखणाऱ्याचा दोष नाही. आंबटपणा किती, तुरटपणा किती हे ठरवायला त्याच्याकडे मोजपट्टीच नसते. शेजारी दुसरा ग्लास आला की मात्र पहिली वाइन किती तुरट होती ते पुस्तक न वाचताही कळतं. म्हणून मित्रमंडळी जेवायला येणार असतील तर चार बाटल्या एकदम उघडा, झाकून ठेवा आणि शेजारी शेजारी चाखा. खालचा हिशेब सहा माणसांचा आहे.

बाटल्या कोणत्या घ्यायच्या

नियम एकच: एक गोष्ट बदला, बाकीच्या शक्य तितक्या सारख्या ठेवा. एक बाटली नाशिकची, एक चिलीची, एक पाच वर्षं जुनी आणि एक कोणीतरी विमानतळावरून आणलेली, असा मेळ जमवला तर चारही वेगळ्या लागतील. पण वेगळेपणा कशामुळे आला, हे सांगता येणार नाही.

पहिल्या वेळी चार द्राक्षं आणि एकच प्रदेश घ्या. महाराष्ट्रात हे सोपं आहे. नाशिकच्या दिंडोरी-निफाड पट्ट्यात कॅबरने सोव्हिन्यों आणि शिराझ सहज सापडतात, मर्लोही मिळते. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला फ्रातेल्ली ही वायनरी सांजोवेझे पिकवते. इटलीतली कियांती वाइन मुख्यतः याच द्राक्षाची असते. सांजोवेझे, मर्लो, कॅबरने आणि शिराझ अशी चौकडी जमली तर उत्तम, आणि सगळ्या एकाच वायनरीच्या मिळाल्या तर त्याहून चांगलं. किमतीत दुपटीहून जास्त तफावत नको आणि सालही जवळपासचं असू द्या.

पुढच्या वेळी उलट करा, म्हणजे द्राक्ष एक आणि गावं वेगळी. नाशिकची शिराझ, ऑस्ट्रेलियातल्या बरोसाची शिराझ आणि फ्रान्सच्या उत्तर ऱ्होन खोऱ्यातली क्रोझ-एर्मिताज. तिथे याच द्राक्षाला सिरा म्हणतात आणि लेबलवर बहुधा गावाचंच नाव असतं, त्यामुळे दुकानात ‘सिरा द्या’ म्हटलं तर कदाचित रिकाम्या हाताने परत यावं लागेल. तिसरा खेळ ओकच्या पिंपाचा. द्राक्ष तेच, एक बाटली पिंपात मुरवलेली आणि एक न मुरवलेली. लेबलवरच्या ‘रिझर्व्ह’ या शब्दावर जाऊ नका. मागच्या लेबलवर ओकमध्ये किती महिने ठेवली ते लिहिलंय का, ते पाहा.

वाइन शॉपमध्ये दर्शनी काचेत उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका, आतल्या खोक्यातली मागा. बूच वर आलेलं असेल किंवा मानेवर चिकट ओघळ वाळलेला असेल तर ती बाटली उन्हात तापली आहे, असं समजा. साधी, पिंपात न मुरवलेली रेड दोन-तीन वर्षांच्या आतलीच बरी. आपल्याकडे द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात, युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. म्हणजे लेबलवर साल एकच असलं तरी नाशिकची वाइन तिच्या फ्रेंच भावंडाहून सहा-आठ महिन्यांनी थोरली असते. आणि ड्राय डे तपासून घ्या. २ ऑक्टोबरच्या सुट्टीचा बेत आखून त्याच सकाळी दुकानाकडे निघणारे दरवर्षी असतात.

किती लागते

एका बाटलीत ७५० मिली. चाखायला प्रत्येकी ५० मिली पुरतात, म्हणजे सहा जणांना ३०० मिली. उरलेली ४५० मिली जेवणासोबत. चार ग्लासांचे मिळून माणशी २०० मिली होतात. वाइन १३.५ टक्क्यांची असेल तर त्यात साधारण २१ ग्रॅम अल्कोहोल असतं, आणि ते जेवण सुरू होण्याआधीच. रक्तातल्या अल्कोहोलची गाडी चालवण्यासाठीची मर्यादा १०० मिलीला ३० मिलिग्रॅम आहे. परतीच्या गाडीची सोय आमंत्रण देतानाच ठरवून टाका.

५० मिली नेमके ओतायला पेग मोजायचं माप वापरा. ते नसेल तर एका ग्लासात ५० मिली पाणी मोजून घाला आणि तो ग्लास समोर ठेवून नजरेने ओता. पहिल्या माणसाला ८० आणि शेवटच्याला २० मिली ही नेहमीची गडबड आहे. २० मिलीत वास उठत नाही आणि तो माणूस रात्रभर म्हणत राहतो, “मला तर काहीच जाणवत नाही.”

ग्लास, कागद, पिकदाणी

पोट रुंद, तोंड निमुळतं आणि खाली दांडी, असा ग्लास हवा. निमुळत्या तोंडामुळे वास आत साठतो आणि दांडी धरली की हाताची ऊब वाइनला लागत नाही. सहा माणसं गुणिले चार म्हणजे २४ ग्लास. एवढे घरात नसतातच. भाड्याने आणा, नाहीतर माणशी दोन ग्लास ठेवून जोडीजोडीने चाखा: आधी १ आणि २, मग २ आणि ३, मग ३ आणि ४. वेळ थोडा जास्त लागतो, तुलना मात्र उलट जास्त नेमकी होते. ग्लास कसेही असोत, सगळे एकाच आकाराचे हवेत. एकच वाइन व्हिस्कीच्या जाड ग्लासात आणि दांडीच्या ग्लासात ओतून हुंगली तर दोन वेगळ्या वाइन वाटतात.

कपाटातून काढलेला ग्लास आधी रिकामाच हुंगा. त्याला लाकडाचा, भांड्यांच्या साबणाचा किंवा ओल्या फडक्याचा वास असतो. नुसत्या गरम पाण्याने धुवा, उपडा न घालता वाळू द्या. मग चमचाभर वाइन घालून खळबळून ओतून टाका. तीच चमचाभर वाइन पुढच्या ग्लासात चालते.

प्रत्येकासमोर एक पांढरा ए-फोर कागद ठेवा. त्यावर चार वर्तुळं, १ ते ४ आकडे आणि खाली लिहायला जागा. ग्लास वर्तुळावरच ठेवायचे. हे बाळबोध वाटतं, पण तिसऱ्या ग्लासानंतर कोणता कुठला हे कोणालाच आठवत नाही. त्याच पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून रंगही पाहता येतो.

शिवाय पिकदाणी. दोघांत एक स्टीलचा तांब्या किंवा उंच भांडं पुरे. चाखून थुंकणं हा या कामाचाच भाग आहे, त्यात अशिष्ट काही नाही. यजमानाने पहिल्यांदा थुंकून दाखवलं की बाकीच्यांचा संकोच जातो. कोणाला थुंकायचं नसेल तरी उरलेली वाइन ओतून टाकायला भांडं लागतंच.

खोलीत अगरबत्ती, धूप, सुगंधी मेणबत्ती, मोगऱ्याचा गजरा, जोरदार अत्तर यांतलं काही नको. फोडणी तर अजिबात नको. लसूण-मिरचीचा ठसका एकदा घरभर पसरला की पुढचा अर्धा तास वाइनला वासच नसतो. स्वयंपाक आधी उरकून खिडक्या उघडून ठेवा. पाहुण्यांना सांगायचं एवढंच: येताना बडीशेप, पान किंवा पुदिन्याची गोळी नको.

थंड किती करायची

रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या थंड घरांमधून आलेला आहे. पुण्यातली एप्रिलची खोली ३२ अंशांवर असते. त्या तापमानाला वाइनमधलं अल्कोहोल आधी नाकात शिरतं आणि फळांचा वास मागे दबतो. रेडला १५ ते १८ अंश हवेत. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दीड-दोन तास ठेवा. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी अर्धं-अर्धं घालून आठ-दहा मिनिटं. नुसता बर्फ नको, बाटलीला तो जेमतेम चार ठिकाणी टेकतो. फार थंड झाली तर तुरटपणा बोचतो आणि वास मुका होतो. तशी झाली तर ग्लास दोन्ही तळव्यांत मिनिटभर धरला की काम होतं. चारही बाटल्या एकदमच आत ठेवा आणि एकदमच बाहेर काढा, नाहीतर तुलना द्राक्षांची न होता तापमानाची होते.

उघडणं, तपासणं, झाकणं

पाहुणे यायच्या तासभर आधी बाटल्या उघडा आणि एकेक चमचा चाखून बघा. यात खराब बाटली सापडली तर बदलायला वेळ मिळतो. खराबीचे वास ओळखायला सोपे असतात. ओलं पोतं किंवा भिजून कुबटलेला वर्तमानपत्राचा गठ्ठा आठवला तर बूच बाधलंय, त्याला उपाय नाही. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा झणका आला तर तीही गेली. रंग विटकरी-तपकिरी आणि वास कापून ठेवलेल्या काळवंडल्या सफरचंदाचा आला तर हवा लागली आहे. फळाचा वास शिजवलेल्या मुरांब्यासारखा आणि चव बोथट लागली तर वाइन उन्हात तापलेली. सडक्या अंड्याचा किंवा विझलेल्या काडीचा वास मात्र पुष्कळदा हवेने जातो. ती वाइन काचेच्या जगमध्ये ओता, अर्धा तास उघडी ठेवा आणि पुन्हा हुंगा. तळाशी साका दिसला तर तो दोष नव्हे. बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा आणि शेवटचे दोन घोट ओतू नका.

आता झाकणं. बाटलीच्या तोंडावरचं वेष्टन पूर्ण सोलून काढा, त्याचा रंगही फितुरी करतो. स्क्रू-कॅपची बाटली असेल तर झाकण टाकून द्याच, मानेभोवती उरलेली पट्टीही झाका. मग वर्तमानपत्राचा जाड थर गळ्यापर्यंत गुंडाळून रबर लावा. ॲल्युमिनियम फॉइल वापरू नका, ती बाटलीला चिकटून खांद्यांचा आकार जसाच्या तसा दाखवते. खांदे उताराचे असले की जाणकार लगेच ‘शिराझ असणार’ म्हणतो आणि खेळ तिथेच संपतो. जुने लांब मोजेही चालतात, अर्थात धुतलेले.

यजमानालाही खेळायचं असेल तर एकाने गुंडाळायचं आणि ते न पाहिलेल्या दुसऱ्याने आकडे टाकायचे. मग कोणालाच काही माहीत नसतं.

एवढा खटाटोप कशाला, असं कोणी विचारेलच. २००१ साली फ्रान्समधल्या बोर्दोत वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळून दिला गेला. त्यांनी तिचं वर्णन लाल फळांच्या शब्दांत केलं. डोळे नाकाच्या आधी निकाल लावतात, आणि लेबल तर डोळ्यांच्याही आधी.

तोंड आधी लावून घ्या

वाइन ओतण्याआधीची ही दहा मिनिटं नवख्यांना सगळ्यात जास्त शिकवतात. तीन कप बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा करा: एकात टी-बॅग एक मिनिट, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात आठ मिनिटं. कोमट झाल्यावर ओळीने एकेक घोट घ्या. तिसऱ्याला हिरड्या आणि गालाची आतली बाजू कोरडी होऊन ओढल्यासारखी होते. हाच वाइनमधला टॅनिन. तो लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतो आणि तोंडाचा बुळबुळीतपणा जातो. मराठी माणसाला याचं नाव शिकवावं लागत नाही. तुरट हा आपल्या सहा रसांतला एक आहे आणि आवळा, सुपारी, काथ, कच्चं जांभूळ सगळ्यांनी खाल्लेलं असतं. घोटाळा होतो तो कडू आणि तुरट यांत. कडू जिभेवर लागतं, तुरट हिरड्यांवर जाणवतं. रेडबद्दल ‘कडवट’ म्हणणाऱ्यांना निम्म्या वेळा तुरट म्हणायचं असतं.

दुसरं, पाण्यात लिंबाचे चार थेंब घालून घोट घ्या. गिळल्यावर जबड्याच्या मागे लाळ सुटते. वाइनचा आंबटपणा असाच मोजायचा: गिळा, तोंड थोडं उघडं ठेवून मान खाली करा आणि लाळ किती वेगाने येते ते पाहा. तिसरं, गाईचं पातळ दूध आणि म्हशीचं दाट दूध यांच्यात जिभेला जे वजन वेगळं लागतं, तेच हलकी आणि भारी वाइन यांच्यात.

चाखणं

चारही ग्लास भरलेले आहेत, क्रम हलकी ते भारी. क्रम ठरवणाऱ्याला बाटल्या माहीत असतील तर सांजोवेझे आधी, शिराझ-कॅबरने शेवटी. कोणालाच माहीत नसेल तर आकड्यांप्रमाणे जा आणि नंतर उलट क्रमाने पुन्हा एकदा या.

आधी चारही नुसते हुंगा, एकही घोट न घेता. हलवू नका. मग ग्लास टेबलावरच ठेवून दांडी धरा, तीन-चार वेळा गरगर फिरवा आणि पुन्हा हुंगा. दोन हुंगण्यांत किती फरक पडला तेही लिहा. ग्लासच्या आतून ओघळणाऱ्या धारा पाहून कोणी ‘वा, काय दर्जा’ म्हणेल. म्हणू द्या. त्या धारा मुख्यतः अल्कोहोलमुळे येतात, दर्जाचा पत्ता सांगत नाहीत.

मग घोट, चमचाभरच. गिळायचा नाही. चूळ भरल्यासारखा तोंडभर फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. सुर्र असा आवाज येतो, तो यावाच. हवेबरोबर वास घशामागून नाकात चढतो. दहा सेकंदांनी थुंका किंवा गिळा आणि मनात आकडे मोजा. फळाची चव पाच सेकंदांत गेली की पंधरा सेकंद रेंगाळली, हाही तुलनेचा चांगला मुद्दा आहे. घशात उतरताना जळजळलं तर ते अल्कोहोल.

‘गोड आहे’ हा शब्द लिहिण्याआधी नाक चिमटीत धरून घोट घ्या. नाक बंद असूनही गोड लागली तर साखर आहे. गोडवा गायब झाला तर तो पिकल्या फळाचा किंवा ओकमधल्या व्हॅनिलाचा वास होता.

वासांना नावं देताना परदेशी यादी बाजूला ठेवा. ब्लॅककरंट आपल्यातल्या बहुतेकांनी फक्त आइस्क्रीममध्ये खाल्लेला असतो, तो कॅबरनेत शोधायचा कसा? जांभूळ, करवंद, तुती, आमसूल, चिंचेचा कोळ, मनुका, लवंग, दालचिनी, काळी मिरी, भाजलेला नारळ, गूळ, पहिल्या पावसाची माती हे शब्द जास्त खरे पडतात. कॅबरनेत पुष्कळदा हिरव्या ढोबळी मिरचीचा वास असतो, आणि तो कल्पनेतला नाही. त्या मिरचीत आणि या द्राक्षात पायराझिन नावाची एकाच कुळातली द्रव्यं आहेत. शिराझमधल्या मिऱ्याच्या वासाचंही तेच. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की तो वास रोटंडोन या द्रव्याचा आहे आणि मिऱ्यातही रोटंडोनच असतं. साधारण पाचातल्या एकाला हा वास येतच नाही. तेव्हा सहा जणांत एखादा ‘मिरं कुठंय?’ विचारत बसला तर त्याची थट्टा करू नका, त्याचं नाक तसंच घडलेलं आहे.

दोन वाइनच्या मध्ये साधं पाणी आणि पावाचा किंवा पोळीचा कोरडा तुकडा. चीज, खारे शेंगदाणे, चकली हे सगळं नंतर. मीठ आणि तेल तुरटपणा झाकतात, त्यामुळे शेंगदाण्यानंतर चाखलेली वाइन फुकट जिंकते.

आणि सगळ्यांचं लिहून होईपर्यंत बोलायचं नाही. हा नियम मोडला की बाकी सगळं वाया जातं. एकाने ‘तीन नंबरला तंबाखूचा वास येतो’ म्हटलं की दोन मिनिटांत सहाही जणांना तो येऊ लागतो.

निकाल कसा लावायचा

गुण देऊ नका, क्रम द्या. सगळ्यात आवडलेलीला १, नावडतीला ४. दहापैकी गुण मागितले तर एक जण सगळ्यांना सात-आठ देतो, दुसरा दोनपासून नऊपर्यंत उधळतो, आणि बेरजेत दुसऱ्याचंच मत चालतं. २४ मे १९७६ च्या पॅरिसमधल्या प्रसिद्ध झाकल्या चाखणीत कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीप १९७३ या वाइनने बोर्दोच्या मूतों रोथशिल्डला हरवलं, तेही वीसपैकी सरासरीत पाव गुणाहून कमी फरकाने. क्रमांक दिले असते तर निकाल तोच लागला असता का, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

सहा जणांचे क्रमांक बाटलीवार जोडा. चारही बेरजा मिळून ६० व्हायला हव्यात, झाल्या नाहीत तर कोणीतरी एक आकडा दोनदा दिलाय. सगळ्यात कमी बेरीज जिंकते. ९, १५, १६, २० असा निकाल आला तर पहिली आणि शेवटची याबाबत टेबलावर खरंच एकमत आहे, मधल्या दोघींत काही नाही. १४, १५, १५, १६ आला तर आवडीनिवडी सहा दिशांना आहेत. तसं म्हणा आणि जेवायला बसा, विजेता घोषित करण्यात अर्थ नाही.

थोडा सराव झाला की तीन बाटल्या आणि चार ग्लास करून बघा, म्हणजे एक वाइन दोन आकड्यांखाली. जुळ्या कोणत्या ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने सहांतल्या एखाद्याचंच बरोबर येईल. तीन-चार जणांचं आलं तर तोंडं तयार होताहेत. जुळ्यांपैकी एक पहिली आणि दुसरी चौथी लावणारे निघतातच, आणि त्यांच्या कागदावरची वर्णनं मोठ्याने वाचली की जेवणाआधीच हसून हसून सगळ्यांचं पोट दुखतं.

जेवताना: अजून उघडायच्या नाहीत

बहुतेक जण इथेच कागद फाडून लेबलं पाहतात आणि अर्धी गंमत घालवतात. बाटल्या झाकलेल्याच टेबलावर आणा आणि जेवणासोबत दुसऱ्यांदा क्रम लावा. पहिला आणि दुसरा क्रम क्वचितच जुळतात. नुसती पिताना अंगावर येणारी तुरट कॅबरने मटणासोबत मऊ होते, कारण टॅनिनला धरायला आता मांसातली प्रथिनं आणि मीठ असतं. आणि नुसती पिताना सगळ्यांना आवडलेली मऊ, फळाळ मर्लो तिथे फिकी पडते.

तिखट मात्र जपून. मिरचीमुळे अल्कोहोलची जळजळ आणि तुरटपणा दोन्ही वाढतात. तांबड्या रश्श्याशेजारी चौदा टक्क्यांची शिराझ म्हणजे आगीत तेल. खड्या मसाल्याचं, मिरची बेताची असलेलं सुकं मटण, दाण्याचं कूट आणि गोडा मसाला घातलेली भरली वांगी, तुपातली मशरूम, डाळीचं वरण यांच्याशी रेड जुळते. आमसुलाचा किंवा टोमॅटोचा आंबटपणा असेल तिथे सांजोवेझे बघा, ती स्वतः आंबट असल्याने बिचकत नाही. बांगडा किंवा बोंबील ठेवू नका. रेडमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडात शिळ्या माशाची, धातूसारखी चव उरते. ती वाइनची चूक नाही, माशाचीही नाही. श्रीखंड आलं की ग्लास बाजूला ठेवा. गोडानंतर कोरडी, म्हणजे गोड नसलेली, रेड नुसतं आंबट पाणी लागते.

दुसरा क्रम लिहून झाला की मगच कागद फाडा. प्रत्येक बाटलीपुढे दोन्ही बेरजा, नाव, साल आणि किंमत लिहून त्या पानाचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी दुकानात उभं असताना कामी येतो.

उरलेल्या वाइनला त्याच रात्री बूच लावून बाटल्या फ्रीजमध्ये उभ्या ठेवा. अर्धी भरलेली रेड दोन-तीन दिवस टिकते, तळाशी शंभर मिली उरलेली एकच दिवस. चौघींचे तळ एका छोट्या बाटलीत काठोकाठ भरले तर हवा कमी लागते आणि पुढच्या मटणात ते कपभर घालता येतात. ग्लास मात्र रात्रीच पाण्याने विसळून ठेवा. सकाळपर्यंत तळाशी वाळलेला लाल डाग काढताना निमुळत्या तोंडात हात जात नाही आणि काच तिथेच फुटते.